गॉथिक की ९६०? गल्लीतल्या पोरांसाठी कोणतं बुद्धिबळ

ओपनिंग पाठ करून कंटाळलेल्या पोरांना नवा प्रकार शिकवायचा असेल, तर गॉथिक चेस घ्यावं की माजी जगज्जेता बॉबी फिशरचं ९६०? बेळगावात, शहापूरच्या आमच्या रविवारच्या वर्गात मी दोन्ही खेळवून बघितले.

गॉथिकचा पट दहा बाय आठचा. त्यात दोन जादा मोहरी: एक उंट-घोडा, एक हत्ती-घोडा. ती बाजारात मिळाली नाहीत. मी तुटक्या घोड्याचं डोकं फेविक्विकनं हत्तीवर बसवलं. जुना जगज्जेता कापाब्लांका, त्याच्या अशाच मोठ्या पटावरच्या मांडणीत एक प्यादं सुरुवातीलाच उघडं असतं, गॉथिकमध्ये सगळी राखलेली. खेळ म्हणून हाच मला जास्त भावला.

अडलं ते पेटंटपाशी. गॉथिक काढणारे एड ट्राइस यांना त्याचं अमेरिकन पेटंट २००२ मध्ये मिळालं आणि २००६ मध्ये ते संपलं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात तर कलम ३ प्रमाणे खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंटच नाही, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमलाही नाही. पण हे कुणाकुणाला समजावणार? गणपतीतल्या स्पर्धेसाठी सहा फ्लेक्स पट छापायला टाकले होते. दुकानदारानं मोबाईलवर नाव शोधलं, 'पेटंट' दिसलं आणि ॲडव्हान्स परत माझ्या हातात ठेवला. "उद्या नोटीस आली तर तुम्ही येणार काय सर?" कलम वाचून दाखवलं, तरी ऐकेना. मग मंडळाचे सेक्रेटरीही कचरले. आठवडा त्यातच गेला.

फिशरनं बुद्धिबळाच्या घड्याळाचं पेटंट घेतलं होतं, १९८९ मध्ये. त्यानंच १९९६ मध्ये जाहीर केलेला ९६० हा खेळ मात्र सगळ्यांना मोकळा आहे. पट तोच, मोहरी तीच, मागच्या ओळीतल्या मोहऱ्यांचा क्रम फक्त बदलतो. कॅसलिंगवरून, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्यावरून, पोरं भांडतात खरी, दोन-तीन रविवार तरी. पण लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर घरी मोबाईलवर सराव होतो. गॉथिक तिथं नाही. त्यासाठी फेअरी-स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम आहे, उत्तम खेळतं, पण ते बसवून घेणं सातवीतल्या पोराला जड जाईल असं वाटतं.

स्पर्धा ९६० चीच झाली. मांडणी ठरवायला फासे टाकायचे म्हटल्यावर पोरं पटावर ओणवी झाली.

घरी दोघंच खेळणार असाल आणि पट स्वतः रंगवायची तयारी असेल, तर गॉथिक जरूर बघा. खानापूरहून मेहुणे आले की आम्ही अजून तोच मांडतो.