मंडईत मूकपटांचा खेळ बोलावला होता, कसा झाला ते सांगतो

आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, अन् त्या रात्री नाटक ठरलेलंच असते, वडसा गावची नाटक कंपनी येते, शामियाना पडतो, पहाटेपर्यंत चालते. यंदा मंडळानं नाटकाच्या आधी दीड-दोन तास मूकपट दाखवणाऱ्या दोन पोट्ट्यांना बोलावलं. प्रोजेक्टर त्यांचा, पडदा त्यांचा, पेटी अन् तबलावालेही तेच आणतात, एका रात्रीचे 5000 रुपये घेतले. आजूबाजूच्या गावचे लोक विचारून राहिले की बोलवावं का, म्हणून एकदाच लिहून टाकतो. बोलवा. पण दोन गोष्टी आधी ठरवून घ्या, त्या पुढे सांगतो.

सुरुवात मेलिएसच्या फिल्मांनी केली. जॉर्ज मेलिएस म्हणजे पॅरिसचा जादूगार, त्याचं स्वतःचं जादूच्या खेळांचं थिएटर होतं, 1895 च्या डिसेंबरात ल्युमिएर भावांचा हलत्या चित्रांचा खेळ पाहिला अन् तेव्हापासून सिनेमाच्या मागेच लागला. तो स्वतः सांगायचा की रस्त्यावर शूटिंग करताना कॅमेरा अडकला, थोड्या वेळानं सुरू केला, अन् नंतर पडद्यावर पाहते तर घोड्यांची बस एकदम मयताची गाडी झालेली! तिथून त्यानं कॅमेरा थांबवून माणूस गायब करायची ट्रिक धरली. 1902 ची चंद्रावर जायची फिल्म सगळ्यांना माहीत असते, चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा घुसते ती, गावचे पोट्टे त्याच्यावर लय खूश झाले. पण मले विचाराल तर त्या रात्रीचा खरा माल होता 1901 ची रबराच्या मुंडक्याची फिल्म.

त्याच्यात टेबलावर एक मुंडकं ठेवलेलं असते अन् मेलिएस भात्यानं त्याच्यात हवा भरते, मुंडकं फुगत फुगत चाकाएवढं होते. शामियान्यात एकदम गलका झाला. मग खेळ दाखवणाऱ्या पोट्ट्यानं फिल्म थांबवली अन् समजावून सांगितलं, अन् ह्याचेच मी त्याला पूर्ण मार्क देतो. मुंडकं मेलिएसचंच. बाकीचं अंग काळ्या कापडात झाकलेलं, मागेही काळंच, तो एका घसरणाऱ्या खुर्चीवर बसलेला अन् खुर्ची कॅमेऱ्याकडे ओढत आणलेली, कॅमेरा जागचा हललाच नाही. जवळ आलं म्हणून मोठं दिसलं, बस. काळ्या जागेवर फीत कोरी राहते, म्हणून तीच फीत उलटी गुंडाळून दुसऱ्यांदा चालवायची अन् बाकीचा सीन त्याच फितीवर घ्यायचा. 1900 च्या एका फिल्मेत त्यानं असे एकाच फितीवर स्वतःचे सात वादक उभे केले. आता विचार करा बाप्पा, सहा वेळा बरोबर झालं अन् सातव्या वेळी हात चुकला तर आधीचं सगळं पाण्यात. आमच्या गावचे दंडारीतले, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात काम करणारे, म्हातारे मागे बसले होते, ते हे ऐकताना एकदम चूप झाले, त्यांना मेहनत कळली.

मग दादासाहेब फाळके. ह्यांच्याबद्दल आपल्याला शाळेत एवढंच सांगतात की 1913 ला राजा हरिश्चंद्र काढला. फाळकेही जादूचे प्रयोग करत, आडनाव उलटं करून प्रोफेसर केल्फा हे नाव लावत, अन् त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं उगवते ते रोज थोडं थोडं शूट करून दाखवलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? 1918 च्या श्रीकृष्ण जन्मातला तुकडा लावला, कंसाला भास होते अन् त्याचं मुंडकं धडापासून सुटून वर जाते, पुन्हा जागेवर येऊन बसते. माह्या बाजूला आमच्या शेजारची आजी होती, तिनं माहा हातच धरला, "माय व, मुंडकं उडालं त्याचं!" अन् मग हात जोडले. मेलिएसच्या मुंडक्याला लोक हसले अन् ह्या मुंडक्याला हात जोडले, ट्रिक तशी त्याच घराण्याची. फाळक्यांनी ती आपल्या देवादिकांच्या कथेत आणून बसवली, म्हणून आजीला ती ट्रिक वाटलीच नाही. 1919 चा कालिया मर्दन तर फाळक्यांची पोरगी मंदाकिनीच कृष्ण आहे, सुरुवातीला तिचा साधा चेहरा अन् बघता बघता त्याचाच कृष्ण होते, त्या जागी पेटीवाल्यानं एकच सूर धरून ठेवला. तो माणूस हुशार आहे.

आता तक्रार. कालिया मर्दन फार पळत होता. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवायचे, साधारण सेकंदाला 16 चित्रं, अन् ह्यांनी आजच्या 24 च्या स्पीडनं सोडून दिलं. कृष्ण पाण्यात नागाशी झुंजते तो सगळा सीन घाईघाईत गेला, डोळा ठरतच नाही. मेलिएसच्या फिल्मा बरोबर चालल्या, म्हणजे जमते त्यांना, मग फाळक्यांनाच काहून असं? मी नंतर बोललो, त्यांनी मान्य केलं. दुसरं म्हणजे मधी एक फिल्म पेटीवाल्याला चहाला सोडून रेकॉर्ड केलेल्या म्युझिकवर लावली, अन् तिथं लोक उठून पानठेल्यावर गेले. तर स्पीडचं अन् पेटीवाल्याचं बोलून घ्या, नंतरच इसार द्या.

पैसे वसूल कुठे झाले म्हणाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी. निघायच्या आधी त्या दोघांनी गावच्या पोट्ट्यांना ट्रिक करून दाखवली, ह्याचे वेगळे पैसे नाही घेतले. खाट उभी करून मोबाईल तिला बांधला. एका पोट्ट्याच्या हातात कोहळं दिलं, रेकॉर्डिंग चालू, मग पॉज, "हलू नको बे!", कोहळं काढून त्याच्या हातात कोंबडीचं पिल्लू ठेवलं, पुन्हा चालू. पाहिलं तर पिल्लू झालं, पण पोट्ट्याची मान वाकडी होऊन झटका दिसत होता. पुन्हा केलं, तर मागच्या तणसीच्या ढिगाची सावली सरकलेली. तिसऱ्यांदा सावलीत जाऊन केलं, अन् जमलं. पोट्टे नाचले. मेलिएस मात्र तो झटका फितीत कात्रीनं नेमका कापून जोडायचा, म्हणून आजही दिसत नाही, हे त्या पोट्ट्यांना करून पाहिल्यावरच कळलं, सांगून नसतं कळलं.

आता पोळ्याला आमच्या शाळेत पुन्हा बोलावून राहिलो. कालिया मर्दन 16 च्या स्पीडनं, अन् पेटीवाला तोच पाहिजे, असं आधीच सांगून ठेवलं आहे.