दादरची डीव्हीडी लायब्ररी, रबराचे राक्षस आणि आमच्या सासूबाई

दादर वेस्टला उतरून फुलबाजाराच्या चिखलातून चप्पल सांभाळत पाचएक मिनिटं चाललात की एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली हे दुकान आहे. बाहेरून बघाल तर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, मोबाईलची कव्हरं. मी पण मुलाच्या शाळेच्या फॉर्मची झेरॉक्स काढायलाच गेले होते, मशीनमध्ये कागद अडकला म्हणून काका आत हात घालून बसले होते आणि मी सहज मागे बघितलं तर भिंतभर डीव्हीडी. म्हटलं काका, हे अजून चालतं? तर म्हणाले, "चालतं कसलं, पडून आहे. तुझ्याकडे प्लेअर असेल तर ने." प्लेअर आहे आमच्याकडे, चालू आहे, कारण आमच्या ह्यांना भंगारवाल्याला हाक मारायचाही कंटाळा. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, काकांनीच नको सांगितलंय, लोक येतात, रील काढतात आणि दोन रुपयांची झेरॉक्सही न काढता निघून जातात.

तर डिपॉझिट ५०० रुपये, एका डिस्कचे दोन दिवसांचे ४०, पुढे रोजचे १०. वरच्या रांगांमध्ये नेहमीचं हिंदी-मराठी आहे, ते सगळं फोनवर मिळतं, तिथे वेळ घालवू नका. खरा माल खाली, झेरॉक्स पेपरच्या गठ्ठ्यांमागे चपलांच्या तीन खोक्यांत आहे आणि खोक्यांवर मार्करने लिहिलंय "रबरी". मला वाटलं रबडी लिहायचं होतं की काय. काका म्हणाले, "राक्षस गं. रबराचे. कमी पैशातले. कॉम्प्युटर यायच्या आधीचे."

पहिला नेला तो १९७६ चा ब्रिटिश पिक्चर, अ‍ॅट द अर्थ्स कोर. टारझनवाल्या एडगर राइस बरोजच्या कथेवरून केलाय, डायरेक्टर केविन कॉनर. एक म्हातारा शास्त्रज्ञ आणि त्याचा अमेरिकन शिष्य ड्रिलसारख्या भल्यामोठ्या मशीनमध्ये बसून वेल्समधल्या डोंगराला भोक पाडायला निघतात, मशीन काही ऐकत नाही आणि दोघं थेट पृथ्वीच्या पोटात. तिथलं आभाळ म्हणजे मंडळाच्या मांडवातल्या लाइटिंगसारखं गुलाबी-जांभळं, आणि राज्य कोणाचं तर पंखवाल्या सरड्यांचं, जे तोंड न उघडता मनातल्या मनात हुकूम सोडतात. म्हाताऱ्याचं काम पीटर कुशिंगने केलंय आणि त्याच्या हातात छत्री. पृथ्वीच्या पोटात छत्री! आपण मुंबईत राहून जूनमध्ये विसरतो.

आता राक्षस. पहिलाच येतो तो पोपटाच्या चोचीचा एक अवाढव्य प्राणी, आणि तो धावायला लागला की दोन सेकंदांत कळतं की आत माणूस आहे, वाकलेला आहे, आणि त्याला पुढचं नीट दिसत नाहीये. गुडघ्यापाशी रबराला चुण्या पडतात, हो अगदी ढगळ लेगिंगला पडतात तशा. माझा मुलगा नऊ वर्षांचा, पहिल्या मिनिटाला जाहीर करून मोकळा, मम्मी हे फेक आहे. म्हटलं आहेच. पण उठला नाही हा पठ्ठ्या, उलट रिमोट घेऊन पॉज करत बसला, चेन कुठे आहे ते शोधायला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या आजीची गोधडी अंगावर घेऊन घरभर गुरगुरत फिरला. महिन्याभरापूर्वी मल्टिप्लेक्समध्ये तिघांचे मिळून दीड हजार घालवून त्याला एक कॉम्प्युटरवाला ड्रॅगन दाखवला होता, खवला न् खवला दिसत होता त्याचा, घरी येऊन त्याचं नावही काढलं नाही.

खरी मजा मात्र सासूबाईंनी आणली. त्या मालवणकडच्या, संध्याकाळची सिरीयल चुकली म्हणून तोंड वाकडं करून बसलेल्या. पोपटवाला आला तशा चष्मा वर करून पुढे सरकल्या. "आतमदी कोण आसा गो? बिचाऱ्याक उकडत असतला." झालं, त्यानंतर त्यांनी गोष्ट बघितलीच नाही, त्या फक्त आतल्या माणसाला बघत होत्या. हा दमला, हा आता पडतलो, ह्याका दिसना नाय. मग दशावतारातल्या संकासुराबद्दल सांगायला लागल्या, काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ, आणि लहानपणी त्याला बघून आईच्या पदरात कशा तोंड लपवायच्या, आणि तोच संकासुराचं काम करणारा माणूस पहाटे नाटक संपल्यावर देवळाच्या पायरीवर बसून बिडी ओढताना दिसला तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच भीती. मी लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

डिस्क परत द्यायला गेले तेव्हा काकांना हे सांगितलं आणि चूक केली, कारण काका सुरू झाले. मागे चार माणसं आधार कार्ड धरून उभी, पण काका गॉडझिलात. १९५४ चा पहिला गॉडझिला, आतला माणूस हारुओ नाकाजिमा, सूट जवळपास १०० किलोचा, पहिला जो बनवला त्यात तर धड चालताही येईना. हा गृहस्थ प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी पाय टाकतात ते बघत बसायचा. आणि शूटिंगवाले कॅमेरा जास्त स्पीडने फिरवायचे, म्हणजे पडद्यावर तीच चाल संथ होते आणि संथ झाली की वजनदार वाटते. "हत्ती कधी लगबगीने चाललेला बघितलास?" काका. फक्त पाण्यात सगळे पकडले जातात म्हणाले, कारण बिल्डिंग छोटी बनवता येते, बोट छोटी बनवता येते, पाण्याचा थेंब छोटा कसा करणार? तेव्हापासून मला प्रत्येक जुन्या पिक्चरच्या समुद्रात टब दिसतो.

रबर म्हणजे तरी काय, तर आधी मातीत शिल्प, त्यावरून प्लास्टरचा साचा, अगदी आपल्या गणपतीच्या कारखान्यासारखं. मग रबराच्या झाडाचा चीक अंड्यासारखा फेटून फेसाळ करायचा, साच्यात ओतायचा आणि चक्क भट्टीत भाजायचा. हलका होतो, मऊ होतो, वाकतो. फक्त टिकत नाही. उन्हाने, हवेने कडक होतो आणि तुकडे पडायला लागतात, ड्रॉवरमध्ये विसरलेल्या रबरबँडसारखा, त्यामुळे यातले कितीतरी राक्षस आता फक्त पिक्चरमध्ये उरलेत.

दुसरा नेला तो त्याच कॉनरचा १९७४ चा, जर्मन पाणबुडी वाट चुकून डायनोसॉरच्या बेटावर पोचते तो. म्हणजे नेला असं वाटलं. घरी येऊन कव्हर उघडलं तर आत अष्टविनायक दर्शन. सासूबाई म्हणाल्या लाव, आलंच आहे तर. आम्ही महाडपर्यंत बघितलं. बदलून आणल्यावर खरा लागला, आणि त्यातले उडणारे प्राणी पंखच हलवत नाहीत हो, ताठ पंखांनी नुसते तरंगत येतात, वाळत घातलेली चादर वाऱ्याने यावी तसे. डायनोसॉर बरेचसे हातात घालायच्या बाहुल्या आहेत आणि त्यांचं तोंड उघडतं तेव्हा आतली बोटं कळतात. अर्धवटराव बघितलेल्या माणसाला लगेच कळतात. पण पाणबुडीतली पहिली चाळीसएक मिनिटं बऱ्यापैकी कंटाळवाणी आहेत, तेवढ्यात भाजी निवडून घ्या.

मग मी विचारलं, काका, आपल्याकडचं काही? तर काका जवळजवळ रागावलेच. बाबूभाई मिस्त्री माहीत नाही? १९३७ च्या एका पिक्चरमध्ये अदृश्य माणूस दाखवायला त्याने काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या, तेव्हापासून इंडस्ट्रीत त्याला नावच पडलं काळा धागा. पुढे होमी वाडियांच्या चेंबूरच्या बसंत स्टुडिओतून पऱ्या, राक्षस, उडते गालिचे निघत राहिले. माझी आत्या चेंबूरला तीस वर्षं राहिली, तिला पत्ता नाही! आणि त्याच्याही आधी आपले फाळके, १९१९ चा कालिया मर्दन, पोटची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय आणि पाण्यात त्या नागाशी झुंजतेय. तो बराचसा शिल्लक आहे, मी नंतर फोनवर शोधून बघितला. नाग साफ खोटा. पोर मात्र त्याच्या फण्यावर अशी काही ऐटीत नाचते की मी दोनदा मागे नेऊन बघितलं, लोकलमध्ये, उभ्याने.

आता तक्रारी, आहेत भरपूर. पावसाळ्यात डिस्कला बुरशी धरते, मला दोन मिळाल्या तशा. काका चष्म्याच्या फडक्याने पुसून देतात आणि पुसायचं कसं ते दर वेळी नव्याने शिकवतात, मधून कडेला सरळ, गोल गोल नाही, गोल पुसलं की ओरखडा रेघेबरोबरच जातो आणि प्लेअर तिथेच गटांगळ्या खातो. कॅटलॉग नाही, सगळं काकांच्या डोक्यात. सबटायटल नशिबाने. स्कॅनर लावलाय पण जिन्याखाली नेटवर्क येत नाही, तेव्हा सुट्टे न्या. डिपॉझिटची पावती झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर मिळते, जपा. आणि घाईत असाल तर काकांना पिक्चरचं विचारूच नका, मी ट्रेन चुकवलीय. दुपारी एक ते चार बंद, सोमवारी बंद, शिवाय काकांना वाटेल तेव्हा बंद. पाचपैकी चार देते, एक बुरशीचा कापला. अष्टविनायकाचे कापले नाहीत, सासूबाई खूश होत्या.

परवा तिसरी डिस्क द्यायला निघाले तर सासूबाईंनी दारात थांबवलं. पहिल्या पिक्चरमध्ये एक आग ओकणारा बेडकासारखा राक्षस कड्यावरून खाली पडतो आणि धडाम करून फुटतो, तो त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. "तो बेडूक पडान फुटलो, तेच्यातलो माणूस वाचलो मा?" म्हटलं आई, मी विचारून येते. काकांना विचारलं. काकांनी झेरॉक्स थांबवली, डोळे मिटून जरा वेळ आठवलं आणि म्हणाले, "पडताना रिकामाच ढकलला असणार गं. सांग त्यांना."