चौतीस किलोंचे इंजिन काट्यावर बेचाळीस किलो भरले

ठाण्यात वागळे इस्टेटमधील भाड्याच्या एका गाळ्यात आम्ही तिघे मित्र गेली तीन वर्षे एकासनी अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलके, विमान बांधत आहोत. त्यासाठी जुने इंजिन घेताना माझी १ लाख ८५ हजार रुपयांची फसवणूक झाली. आपल्या भागात असली इंजिने शोधणारे हौशी लोक मोजकेच आहेत आणि विकणारेही मोजकेच. त्यामुळे ज्याने मला गंडवले तो उद्या तेच बोलून दुसऱ्यालाही गंडवील, या धास्तीने मी हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या विमानाचे आराखडे अमेरिकेतील आहेत. तेथे १९८२ साली लागू झालेल्या ‘पार्ट १०३’ या नियमानुसार इंजिन असलेल्या अल्ट्रालाइटचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोंपेक्षा कमी असावे लागते. इंधन पाच गॅलन, म्हणजे जेमतेम १९ लिटर, आणि बसणारा एकच. या मर्यादेत राहिले तर तेथे विमानाची नोंदणी लागत नाही आणि वैमानिकाला परवानाही लागत नाही. आपल्याकडे ही सवलत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीवाचून येथे उड्डाण करता येत नाही, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. पण ज्याने हा आराखडा काढला त्याने पंखांचे क्षेत्रफळ, मुख्य स्पार (पंखाचा आतला कणा) आणि चाकांचा सांगाडा तेच वजन धरून ठरवला आहे, म्हणून ११५ हा आकडा आमच्यावरही तितकाच बंधनकारक आहे.

सांगाडा, पंख, चाके, आसन, रिकामी टाकी आणि समोरची मापदर्शक घड्याळे मिळून आमचे वजन ७३.५ किलो झाले होते. प्रोपेलरचे २.८ किलो आणि इंजिन बसवण्याच्या पट्ट्या व रबरांचे १.९ किलो वजा केल्यावर इंजिनासाठी ३६.८ किलो उरत होते. बराच विचार करून आम्ही रोटॅक्स ४४७ या इंजिनावर आलो. ऑस्ट्रियात तयार झालेले, दोन सिलिंडरांचे, पंख्याच्या हवेने थंड होणारे हे टू-स्ट्रोक इंजिन ४३६.५ सीसीचे असून ४० अश्वशक्ती देते. त्याच घराण्यातील एका सिलिंडरचे २७७ हलके आहे, परंतु माझे वजन पाहता त्याची ताकद अपुरी पडली असती. ५०३ ला ताकद भरपूर, पण तितकी आम्हाला नको होती आणि वजनही परवडत नव्हते. ४४७ चे उत्पादन बंद झालेले असल्यामुळे जुने घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

विकणारा तळोज्याच्या बाजूला एका शेडमध्ये जुनी परदेशी इंजिने ठेवतो. ओळखीतून नंबर मिळाला आणि व्हॉट्सॲपवर बोलणे सुरू झाले. ‘‘काका, ४४७ आहे, चाळीस तासच चाललंय. सगळं धरून चौतीस किलो. डोळे झाकून घेऊन जा,’’ असे तो म्हणाला. आम्ही गेलो तेव्हा त्याने दोरी ओढून इंजिन चालू करून दाखवले. आवाज स्वच्छ होता, धूर बेताचा होता. इतक्या दिवसांच्या शोधानंतर ते समोर चालताना पाहून आम्हाला एवढा आनंद झाला की वजन करून घेण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. टोकन यूपीआयने आणि उरलेली रक्कम रोख, असा व्यवहार झाला. पावती टेम्पो निघताना हातात पडली.

वजन केले ते दोन दिवसांनी, गाळ्यापासून जवळच असलेल्या भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. नुसते इंजिन २७.५ किलो भरले. कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर १.४, सायलेन्सर ५.२, अशी बेरीज ३४.१ पर्यंत आली आणि विक्रेत्याचा आकडा कोठून आला ते तेथेच कळले. त्यावर गिअरबॉक्स ४.६ आणि इलेक्ट्रिक स्टार्टर ३.६. एकूण ४२.३ किलो. विमान १२०.५ किलोंवर गेले, म्हणजे मर्यादेपेक्षा साडेपाच किलो जास्त, आणि स्टार्टरला लागणारी बॅटरी अजून धरायचीच होती. स्टार्टर काढून टाकला असता तरी वजन मर्यादेत बसत नव्हते. गिअरबॉक्स तर काढताच येत नाही, कारण इंजिनाचे फेरे कमी केल्याशिवाय एवढा मोठा प्रोपेलर फिरवता येत नाही.

फोन केला तेव्हा उत्तर तयार होते. ‘‘इंजिनाचं वजन म्हणजे इंजिनाचंच असतं, काका. आणि तिकडे पॅराशूटचे अकरा किलो माफ असतात ना, त्यात बसवा.’’ हा युक्तिवाद अर्धवट माहिती असलेल्या माणसाला सहज पटेल, म्हणून स्पष्ट लिहितो. अमेरिकेत २४ पौंडांची ती सूट विमानाला प्रत्यक्ष बसवलेल्या आपत्कालीन पॅराशूटसाठी आहे. इंजिनाचे वाढलेले वजन त्यात लपवता येत नाही.

याहून मोठा धक्का पुढे होता. विमान जमिनीला घट्ट बांधून आम्ही चाचणी घेतली. ४४७ साठी सांगितलेल्या प्रोपेलरवर हे इंजिन पूर्ण थ्रॉटल देऊनही मिनिटाला ६,१०० फेऱ्यांच्या पुढे जाईना. माझ्या एका मित्राने रबाळ्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काढली आहेत. त्याने पंख्याचे आवरण सोडवले, हेड उतरवले, सिलिंडर कापडाने पुसला आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याची पट्टी, लावला. त्याने एकदा मापले, व्हर्नियर पुसून पुन्हा मापले आणि काही न बोलता तो माझ्या हातात दिला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६२ मिलिमीटर होता.

४४७ चा बोअर ६७.५ मिलिमीटर असतो. ६२ चा असतो ३७७ चा. ते ३६८ सीसीचे, ३५ अश्वशक्तीचे धाकटे भावंड. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली होणारी चाल, ६१ मिलिमीटरच, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणे कठीण. मग आम्ही रॉकेलने इंजिनावरची मॉडेलची नावपट्टी धुतली. तिचे रिव्हेट कोरे करकरीत होते आणि पट्टीच्या कडेखालून जुन्या रिव्हेटचे भोक अर्धे डोकावत होते. सायलेन्सरचा जोड सोडून एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. इंजिन कधीतरी जाम झाले होते. ही टू-स्ट्रोक इंजिने ३०० तासांनी किंवा पाच वर्षांनी पूर्ण उघडावी लागतात, म्हणून तासांची वही महत्त्वाची. आम्हाला मिळालेल्या वहीत दोन वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या. ती वही मी घेण्याआधी चाळली होती, पण तेव्हा फक्त तासांची बेरीज पाहिली.

पावतीवर ‘जुने टू-स्ट्रोक इंजिन, जसे आहे तसे’ एवढेच लिहिलेले आहे. मॉडेल नाही, क्रमांक नाही, वजन नाही. माझी सगळ्यात मोठी चूक हीच, असे मी मानतो. सुदैवाने ‘४४७’ आणि ‘सगळं धरून ३४ किलो’ हे त्याचे संदेश माझ्या फोनमध्ये आहेत. त्यांच्या प्रती जोडून मी पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा तक्रार अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार केली आहे. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, म्हणून कोणी अशा प्रकारात अडकले असेल तर विक्रेत्याच्या ‘बघू, करू’वर दिवस घालवू नयेत.

सध्या आम्ही दुसरे इंजिन पाहत आहोत. या वेळी विक्रेत्याला पहिल्याच दिवशी सांगितले आहे की गिअरबॉक्स, सायलेन्सर, कार्ब्युरेटर आणि स्टार्टर जोडलेले इंजिन आमच्यासमोर काट्यावर चढेल, हेड आमच्यासमोर उतरेल आणि पावतीवर मॉडेल, क्रमांक व भरलेले वजन लिहिल्यावरच पैसे मिळतील. ठाणे किंवा नवी मुंबईत कोणी असे इंजिन घ्यायला निघाले असेल तर त्यांनी मला अवश्य सांगावे. वजनकाटा आणि व्हर्नियर घेऊन मी सोबत येईन.