नाशकात घेतलेले पुरुषांचे जुने कपडे: हिवाळा ते पावसाळा वापरून झाल्यावर

सुती फॉर्मल शर्ट, जीन्स, एक ब्लेझर आणि लोकरी स्वेटर. सगळं दुसऱ्याचं वापरलेलं, थंडीपासून पावसाळ्यापर्यंत रोजच्या धुण्या-इस्त्रीतून गेलेलं. त्यात जाड सुती कापड नव्यापेक्षा भरवशाचं निघालं आणि स्ट्रेच, म्हणजे ताणलं जाणारं कापड, जवळपास सगळं वाया गेलं. सुती कापड आटायचं तेवढं पहिल्या काही धुण्यांतच आटतं, सुटणारा रंगही तेव्हाच सुटतो. त्यामुळे जुन्या शर्टाचं हातात येतं ते माप पुढेही तेच राहतं. स्ट्रेचचं आयुष्य मात्र आधीच्या मालकाने खर्चून टाकलेलं असतं.

विलायतेसारखी गल्लोगल्ली चॅरिटी शॉप आपल्याकडे नाहीत. दानात आलेले कपडे निवडून, धुऊन स्वस्तात देणारी एखादी संस्था आणि बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात कडेला पडलेले ढीग, एवढंच. ढिगातला बराचसा माल बोहारणींनी भांड्यांवर घेतलेला. संस्थेकडे माल स्वच्छ असतो, पण पुरुषांचं कमी. बायकांचे कपडे फॅशन बदलली म्हणून बाहेर पडतात, पुरुषाचा शर्ट विरेपर्यंत अंगावर आणि मग गाडी पुसायला. दानात येतं ते मुख्यतः पोट सुटल्यामुळे न बसणारं आणि लग्नात एकदाच मिरवलेलं. सडपातळ माणसाची चंगळ, ४० च्या पुढच्या कमरेला फारसं काही नाही.

मित्र बरोबर हवाच, आणि शक्यतो वेगळ्या मापाचा, म्हणजे एकाच शर्टावर दोघांचा डोळा जात नाही. घाटावर ट्रायल रूम नसते. टी-शर्टवरच शर्ट चढवायचा. पाठ कशी बसली, खांद्याची शिवण हाडावर आहे की दंडावर उतरलीय, हे मागे उभ्या माणसालाच दिसतं. घासाघीस त्याने करावी, कारण ज्याला कपडा आवडलाय त्याचा चेहरा भाव वाढवतो. दोघांचा माल एकत्र करून शेवटी एकच भाव मागावा. "दादा, हँगरचं वेगळं, ढिगातलं वेगळं," हे उत्तर येणारच. ढिगातल्या चारांत हँगरचं एक घालून मागितलं की बहुतेक जमतं. निळ्या ताडपत्रीखाली रंग ठरवू नका. तिथे नेव्ही ब्लू काळा दिसतो आणि बगलेतला पिवळेपणा दिसतच नाही. कपडा घेऊन उन्हात या.

लेबलवरचा आकडा सोडून द्या. घरातला नीट बसणारा शर्ट सपाट पसरून बगलेपासून बगलेपर्यंत, खांदा ते खांदा आणि बाहीची लांबी मोजा आणि इंची टेप खिशात ठेवा. छातीत दोन-तीन सेंटिमीटर जास्त चालेल, दोन्ही बाजूंनी दाबून घेता येतं. खांदा मोठा असेल तर ठेवून द्या. तो कमी करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवायची, आणि तेवढ्या शिलाईत ढिगातले दोन शर्ट येतात.

शर्ट पहिल्यांदा मरतो तो कॉलरच्या घडीवर, मानेमागे. तिथे नखाने हलकं घासा; पांढरे तंतू उभे राहिले तर कापड विरलंय. पण बाकी शर्ट चांगला असेल तर कॉलर पलटवता येते. शिंपी कॉलरचं पान पट्टीपासून उसवतो, उलटं करतो आणि पुन्हा शिवतो.  खालच्या बाजूला टोकं ताठ ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचे खाचे असतील तर ते मात्र वर येतात. आतलं कापड वेगळ्या रंगाचं नाही ना, हेही आधी बघा.

बगलेतले पिवळे डाग पूर्ण जात नाहीत. साध्या ब्लीचने तर उलट गडद होतात. सोडियम परकार्बोनेटवाली डाग काढायची पावडर कोमट पाण्यात घालून सुती कपडा काही तास भिजवला की फिकट होतात; लोकर आणि रेशमाला ती लावू नये.

जीन्समध्ये आसन आणि मांड्यांची आतली बाजू उजेडासमोर धरा. नंतर कमरेजवळचं कापड आडवं ताणून सोडा. ते लगेच परत आलं नाही किंवा शिवणीतून केसासारखे बारीक पांढरे धागे डोकावत असतील, तर आतलं इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, तुटलंय. असली पँट दुपारपर्यंत गुडघ्यात फुगते आणि धुतल्यावरही बसत नाही. उंची वाढवायची असेल तर मोहरीत आत किती कापड दुमडलंय ते बघा; जुन्या घडीची रेघ मात्र राहते.

ब्लेझर हा सगळ्यात फायद्याचा आणि सगळ्यात फसवा. छातीवरचं कापड चिमटीत धरून बाहेरचा थर आतल्यापासून सरकवून बघा. फोडासारखे फुगे दिसले तर फ्युझिंगचा, म्हणजे आत चिकटवलेल्या ताठ कापडाचा, गोंद सुटलाय; बहुधा कोणीतरी तो घरी पाण्यात धुतलाय. कितीही इस्त्री केली तरी तो सरळ होत नाही. अस्तर फाटलेलं असेल तर हरकत नाही, ते बदलता येतं.

स्वेटर आकाशाकडे धरून कसर शोधा. एकदोन भोकं रफूत जातात, पाठभर असतील तर नको. डांबर गोळ्यांचा वास नुसत्या धुण्याने जात नाही, त्याला बरेच दिवस मोकळी हवा लागते.

घरी आणल्यावर कपडे इतर कपड्यांत मिसळू नका. पिशवीचं तोंड बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवा. खरजेचे किडे माणसाच्या अंगावाचून एवढे टिकत नाहीत. ढेकूण मात्र उपाशी महिनोन्‌महिने काढतो, म्हणून शिवणी आणि खिशांचे कोपरे उलटून बघा, आणि सुती कपडे ६० अंशाच्या पाण्यात धुवा. लोकर या पाण्यात घातली की बाहुलीच्या मापाची होते. ती ड्रायक्लीनला द्या.

पावसाळ्यात ढिगातलं काही घेऊ नये. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरची दुकानं घाईघाईने वर सरकतात, गाठोडी ओली राहतात आणि कापडावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. कुबट वास उन्हाने जातो, ठिपके जात नाहीत. जुनं रेनकोट-जॅकेट तर कोणत्याच मोसमात नको. आतला लेप खवले होऊन निघतो, आणि गंगापूर रोडवर दुचाकीवरून जाताना पहिल्याच सरीला आतला शर्ट भिजतो.