शेतातल्या डब्याला सप्लाय कुठला: करून घेतलेला की बाजारातला?

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबागमधला एक पोरगा दुकानात आला. दूध डेअरीच्या काट्याला मोठा डिस्प्ले करायलाय. पोरगं हुशार, बोर्ड सुबक. प्रश्न एकच होता, "सर, सप्लाय करून घेऊ की रेडीमेड लावू?" सप्लाय म्हणजे लाईनची वीज आतल्या बोर्डाला चालेल अशी करून देणारा भाग. त्याला चहा पाजून तासभर जे सांगितलं, तेच इथं थोडं नीट लिहितो. मी दोन्ही करून बघितलंय आणि दोन्हीकडं पैसे घालवलेत. व्होल्ट, वॅट, रिपल तुम्ही डेटाशीटमध्ये वाचालच, ते सांगत बसत नाही.

माझा माल म्हणजे मोबाईलवरून पंप चालू-बंद करायचा डबा. घरातनं मिस्ड कॉल द्यायचा, शेतात मोटर सुरू. आपल्याकडं थ्री-फेज लाईट दिवसरात्र नसते, पाळीपाळीनं येते, आणि रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन उसातनं विहिरीपर्यंत जायची हौस कुणाला नाही. आत एक कंट्रोलर, दोन-तीन रिले आणि सिमकार्डाचं मॉडेम. सगळ्याला मिळून १२ व्होल्ट. साधं काम वाटतं.

पहिल्या वर्षी बाजारातला जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस, म्हणजे रेडीमेड सप्लाय, लावला. त्याला इनपुट ८५ ते २६४ व्होल्ट, म्हणजे फेज आणि न्यूट्रल पाहिजे. पंपाच्या पेटीत बहुतेक ठिकाणी येतात तीनच वायरी, तिन्ही फेज. न्यूट्रल नाहीच. मग गावचा मेस्त्री काय करतो, विहिरीच्या कडेला एक लोखंडी सळई ठोकतो आणि 'हा तुमचा न्यूट्रल' म्हणून जोडून देतो. धोक्याचं आहे, करू नये, पण करतात. पावसाळ्यात डबा झकास चालतो. मार्च-एप्रिलला माती वाळली की सळईचं अर्थिंग हलकं होतं, व्होल्टेज पडतं आणि डबा दिवसातनं चाळीस वेळा बंद-चालू होत बसतो. शेतकऱ्याला वाटतं मॉडेम खराब. मलाही दोन महिने तेच वाटत होतं.

आणि जिथं न्यूट्रल खरोखर आलेला असतो, तिथं टीसीवर, म्हणजे लाईनच्या ट्रान्सफॉर्मरवर, तो तुटला की वेगळीच तऱ्हा. २३० च्या जागी ४१५ च्या जवळपास काहीही येऊ शकतं. सप्लाय उघडला की आत तोंडाजवळची निळी एमओव्हीची गोळी (जादा व्होल्टेज अंगावर घेणारी) काळी ठिक्कर, फ्यूज उडालेला, आणि ४०० व्होल्टचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. असे सात-आठ झाले तेव्हा ठरवलं, करूनच घ्यायचा.

पुण्याकडच्या एका छोट्या कारखान्यानं करून दिला. थेट दोन फेजवर चालणारा. ४१५ व्होल्ट रेक्टिफाय केले की ५८७ च्या आसपास डीसी होतं, म्हणून आत ४०० चे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये. आकार लांबट, काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) शेजारी मोकळी राहणारी पट्टी होती तिथं बरोब्बर बसणारा. वरनं काळं कंपाउंड ओतलेलं, म्हणजे मुंग्या, पाली, दमट हवा कशाचंच भय नाही. कमीत कमी शंभर नग घ्यावे लागले, डिझाईनचे पैसे वेगळे.

खरं सांगतो, चालला चांगला. बाजारातल्यापेक्षा चांगला, ह्यात शंका नाही. निपाणी-कोगनोळीकडं, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ, तर फरक सरळ दिसायचा. तिथं मॉडेमला कधी अलीकडचा टॉवर सापडतो, कधी महाराष्ट्रातला. सिग्नल कमी असला की मॉडेम पूर्ण जोर लावतं, आणि टूजीवर असताना ते क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. अर्ध्या मिलिसेकंदाचा झटका, पण हलक्या सप्लायचं व्होल्टेज तेवढ्यात बसतं आणि मॉडेम पुन्हा पहिल्यापासून सुरू. करून घेतलेल्यात आउटपुटचा कपॅसिटर मीच सांगून मोठा टाकून घेतला होता. त्या भागातनं तक्रार अशी आलीच नाही.

मग तो का सोडला? एका फोनमुळं.

निपाणीच्या अलीकडं एका मामांच्या शेतात वीज पडली, विहिरीजवळच्या झाडावर. डबा मुका. ऐन मे महिना. त्यांनी निपाणीतल्या पॅनेलवाल्याला नेऊन दाखवला. त्यानं उघडलं आणि मला फोन लावला, "ओ सायब, ह्यात डांबर ओतलाय काय? ह्याचं आता काय करायचं?" काही करण्यासारखं नव्हतंच. तो सप्लाय जगात फक्त माझ्या कपाटात मिळत होता. मामा मागनं ओरडत होते, "ऊस वाळायलाय ओ!" एक सप्लाय पिशवीत घालून मोटारसायकलवर गेलो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. बसवायला दहा मिनिटं. आणि तिथं गेल्यावर कळलं की आणलेला दुसऱ्या लॉटचा आहे. चिपच्या टंचाईत कारखान्यानं आतला आयसी बदलला होता आणि त्या नादात कनेक्टरच्या दोन पिनांची अदलाबदल झाली होती. मामांच्या बांधावर बसून, ब्लेडनं वायर सोलून, टेप गुंडाळून चालू केला. दुसऱ्या दिवशी नीट कनेक्टर घेऊन परत दीडशे.

घरी आल्यावर कपाट उघडलं. मार्करनं लिहिलेले तीन ढीग: 'एक', 'दोन', 'दोन-उलटी पिन'. शंभराचा लॉट संपायच्या आत पुढच्या शंभराचे पैसे भरायचे, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकाला द्यायला काही नाही. माझ्यासारख्यानं वर्षाला शे-दीडशे डबे विकायचे आणि एवढा संसार सांभाळायचा, हे मला जड गेलं. दुसऱ्या कुणाला जाणारही नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. पुढं पॅनेलवाल्यांचा नेहमीचा लोखंडी कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, ४१५ चा २३०, आणि त्याच्या मागं बाजारातला बऱ्या कंपनीचा १२ व्होल्टचा एसएमपीएस. न्यूट्रल लागतच नाही, दोन फेजवर काम होतं. हिशोब केला तर लाईनला साधारण १५५ पासून ४७५ व्होल्टपर्यंत मागचा सप्लाय आपल्या हद्दीत राहतो. आपल्याकडच्या लाईनला तेवढं पुरतं, निदान माझ्या डब्यांना पुरलंय. मॉडेमच्या झटक्यासाठी एक मोठा कपॅसिटर माझ्याच बोर्डावर टाकला. सप्लाय कुणाचाही लागू दे, तो तिथंच राहतो.

तोटे आहेत. डबा जड झाला, भिंतीला दोनाऐवजी चार स्क्रू मारावे लागतात. रात्री शांत असलं की ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. जाळीतनं मुंग्या जातात. एकदा पाल आडवी होऊन वाळलेली निघाली, टर्मिनलवरच. आता पेटीच्या सगळ्या भोकांना ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावतो आणि खालच्या फटीला डासाची जाळी. खर्च मात्र जवळपास तेवढाच पडतो, डिझाईनचे पैसे धरले तर कमीच.

बाजारातल्या मालात एक फसवणूक असते ती सांगायला पाहिजे. लेबल तेच, नंबर तोच, आतला माल बदललेला. मीटर लावायच्या आधी मी हातात घेऊन बघतो. मागच्या लॉटपेक्षा हलका लागला की समजायचं, ट्रान्सफॉर्मर नाहीतर हीटसिंक बारीक झालाय. ह्याला शास्त्र म्हणू नका, पण दोनदा ह्यानंच वाचलोय. दोन पैसे जास्त देऊन नावाजलेल्या कंपनीचा आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी नंबर असलेला घेतला तर हा ताप बराच कमी होतो.

त्या पोराला मी असं सांगितलं: तुझा डिस्प्ले डेअरीत भिंतीवर राहणार, न्यूट्रल आहे, माणसं आहेत, चिकोडीत किंवा संकेश्वरात बंद पडला तर तिथल्याच दुकानात १२ व्होल्टचा सप्लाय मिळतो. करून घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. महिन्याला हजार नग जाणार असतील, पेटी मुठीएवढी पाहिजे असेल, किंवा आत बॅटरी चार्जिंग आणि दोन-तीन वेगवेगळी व्होल्टेज लागत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जरूर करून घे, पण सर्किटचं ड्रॉइंग आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा तपशील आधी लिहून ताब्यात घे. मी घेतला नव्हता.

निपाणीच्या मामांचा डबा अजून जुन्याच सप्लायवर आहे. बदलून देतो म्हटलं तर नको म्हणतात, "चांगलं चाललंय ते कशाला उकलायचं?" 'दोन-उलटी पिन' ढिगातले शेवटचे दोन नग त्यांच्यासाठी कपाटात ठेवलेत, सोबत उलट्या पिनेची वायर आधीच करून.