डोळ्यातली चिप की हातातली काठी?

माझ्या दादाला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जाणारा आजार, आता फक्त उजेड-अंधार कळतो, आणि दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच की परदेशात डोळ्यात चिप बसवतात म्हणे, मग थांबलात कशाला. म्हणून चिप आणि काठी दोन्हीबद्दल नीट वाचून काढलं.

आरपीसाठी गाजलेली चिप म्हणजे आर्गस 2, अमेरिकेत 2013 ला मंजुरी मिळालेली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर, डोळ्याच्या पडद्यावर 60 इलेक्ट्रोड. त्याने चेहरा नाही दिसत हो, उजेडाचे ठिपके लुकलुकतात, मान सावकाश इकडून तिकडे फिरवत दाराची चौकट ओळखायची आणि तेसुद्धा बरीच प्रॅक्टिस केल्यावर. ज्याला कित्येक वर्षं काहीच दिसलं नाही त्याला तेवढंही खूप वाटतं, हे मी मानते. पण 2019 मधे कंपनीने ते बनवणंच थांबवलं, साडेतीनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यात ते बसलेलं, आता बाहेरचं मशीन बिघडलं तर पार्ट आणायचे कुठून? माझं मन इथेच फिरलं.

नवीन प्रिमा चिप 2 मिलिमीटरची, 378 पिक्सेलची. 2025 मधे निकाल आले, वर्षभराने तपासलेल्या 32 पैकी 26 जणांची नजर बऱ्यापैकी सुधारली. फक्त ती चाचणी म्हातारपणी मधली नजर जाते त्या आजारावर होती, आरपीवर नाही, त्यामुळे घरात तशी आजी असेल तर त्यावर जरूर लक्ष ठेवा.

आता काठी आणि मोबाईल. नाशिकच्या रविवार कारंज्यावर दादा मेथी घेतो, सुटे परत आले की नोट तळहातावर सपाट धरून वर मोबाईल, रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) ॲप नेटशिवाय सांगतं कितीची आहे, मग पाचशेची आडवी घडी, शंभरची तशीच सरळ, खिशात नुसत्या बोटाने कळतं. अडचणीही आहेत. मेन रोडला अर्धवट ओढलेल्या शटरखालून काठी आरामात गेली आणि कपाळ आपटलं, टाके पडले, कारण छातीच्या वरचं काठीला कळतच नाही. शिवाय एका हातात काठी, दुसऱ्यात मोबाईल, मग पिशवी कुठे धरायची? ती तो पाठीला लावतो. पण काठी मोडली तेव्हा दुसऱ्याच दिवशी नवीन घेऊन कामावर गेला.

म्हणून आरपी असेल तर चिपची वाट बघत वर्षं घालवू नका, काठी आत्ताच शिकायला घ्या, नाशिकला सातपूरमधे नॅब ही अंधांसाठीची संस्था आहे तिथे चौकशी करा. आणि कोणी चिप सुचवलीच तर आधी विचारा, दहा वर्षांनी बिघडली तर बघणार कोण, आणि डोक्याचा एमआरआय करायची वेळ आली तर चालेल का.