प्रुफं वाचताना हाताशी असावी अशी ऑक्सफर्डची जाडजूड डिक्शनरी

लेटरहेड, पत्रिका, शाळांची माहितीपत्रकं छपाईला जाण्याआधी प्रुफं माझ्याकडे येतात. कम्प्युटरची लाल रेघ तिथे पुरत नाही. 'प्रिन्सिपल'च्या शेवटी 'एएल' असो वा 'एलई', दोन्ही स्पेलिंगं बरोबरच. पहिलं म्हणजे मुख्याध्यापक, दुसरं म्हणजे तत्त्व. अशा वेळी मी 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी'च उघडते. ऑक्सफर्ड ती १९४८ पासून काढतंय. अफेक्ट-इफेक्टसारख्या जोड्यांना वेगळी चौकट आहे, आणि अर्थ इतक्या सोप्या शब्दांत दिलेत की दहावीतल्या मुलालाही कळावेत. 'प्रॅक्टिस' मला इथेच पक्कं झालं: ब्रिटिश पद्धतीत नाम 'सी'ने, क्रियापद 'एस'ने, अमेरिकेत दोन्हीकडे 'सी'. 'इट्स'मध्ये ॲपोस्ट्रॉफी आला की अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज'. मालकी सांगताना तो नकोच. माहितीपत्रकांत ही चूक फार असते.

उणीव एकच, पण मोठी. 'अकॉमोडेशन'मध्ये दोन 'सी' आणि दोन 'एम' हे ठाऊक नसेल, तर छापील पानांत तो शब्द शोधताना जीव मेटाकुटीला येतो. तरीही विद्यार्थ्यांनी ती जरूर घ्यावी. जुन्या बाजारातली मागची आवृत्ती मिळाली तरी चालेल, ही स्पेलिंगं काही बदललेली नाहीत.